बदलतें पान आणि टिकणारी पत

मुद्रणकला आपल्याकडे नवी असतांना शिळाछापावर छापलेल्या कित्येक पोथ्या आजहि जुन्या घरांतून पाहावयास मिळतात. त्यांचीं पानें आडवीं, लांबट व सुटीं असतात. वर-खालीं लांकडी फळ्या आणि भोंवतीं रुमाल. यंत्र नवें होतें, कागद नवा होता, परंतु छापणाराला पोथीचें रूप कांहीं सोडवेना. कारण पोथी म्हणजे हें रूपच, अशी त्याची व त्याच्या गिऱ्हाइकाचीहि प्रामाणिक समजूत होती. पुढें तोच मजकूर उभ्या, बांधीव पुस्तकांत आला आणि वाचणाराच्या श्रद्धेंत त्यामुळें तिळमात्र उणेपणा आला नाहीं. पोथीचें पोथीपण आडव्या पानांत नाहीं, तें दुसऱ्याच कशांत तरी आहे, हें अनुभवानेंच लोकांना कळलें.

गेल्या कांहीं वर्षांत हाच प्रश्न जगांतील प्रत्येक नांवाजलेल्या पेढीपुढें व वर्तमानपत्रापुढें पुन्हां उभा राहिला आहे. संगणकाच्या रुंद पडद्यासाठीं मांडलेल्या पानाला २००७ सालीं ॲपलचा आयफोन आल्यावर ३२० पिक्सेल रुंदीच्या चौकटींत शिरावें लागलें, आणि २०१५ सालीं त्याला मनगटावरील घड्याळापर्यंत जाण्याचा प्रसंग आला. शंभर-दीडशें वर्षें मोठ्या कागदावर मिरवलेलें नांव तळहाताएवढ्या कांचेवर ओळखूं कसें यावें? हा प्रश्न कारागिरांचा आहे असें समजून साहित्याचीं मासिकें बहुधा त्याच्या वाटेस जात नाहींत. मला हें योग्य वाटत नाहीं. वाचनाचें पान हा आपल्या प्रत्येक घरांतील विषय आहे. आणि त्या पानाची मांडणी कोण व कोणत्या हेतूनें करतो, याचा विचार इतर कोणीं केला वा न केला तरी वाचकानें केलाच पाहिजे. त्या विचाराचा आरंभ ईथन मार्कॉट या अमेरिकन ग्रंथकाराच्या 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' या पुस्तकापासून करणें सोयीचें होईल.

या पुस्तकाचा मूळ गाभा म्हणजे २५ मे २०१० रोजीं 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला एक निबंध होय. पुस्तक २०११ सालीं निघालें व २०१४ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. त्या काळीं प्रचलित असलेला रिवाज असा होता, कीं संगणकासाठीं एक संकेतस्थळ व मोबाइलसाठीं दुसरें, पुष्कळदां कापून-छाटून केलेलें, असा दुहेरी संसार मांडावयाचा. मोठ्या घराला पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठीं आणि मागची मोरी गड्यामाणसांसाठीं, तशांतलाच हा प्रकार. मार्कॉट यांनीं या व्यवस्थेला हरकत घेतली. आज एक यंत्र, उद्यां दुसरें. प्रत्येकासाठीं निराळें घर बांधूं लागल्यास या खटाटोपाला अंत कोठें? त्यापेक्षां एकच पान असें रचावें, कीं तें पाहणाराच्या चौकटीप्रमाणें स्वतः आपली बैठक बदलील. 'रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द त्यांनीं स्थापत्यशास्त्रांतून घेतला. माणसांच्या वावराप्रमाणें आपला आकार बदलणाऱ्या भिंतींची जी कल्पना त्या शास्त्रांत मांडली जात होती, तिचा हा शब्द. आपण त्याला 'प्रतिसादी रचना' म्हणूं. या विचाराचें बीज मात्र त्याहून दहा वर्षें जुनें आहे. कागदावरील मांडणीवर जी हुकमत चालते तिचा वेबवर आग्रह धरणें हा गुण नव्हे, हें जॉन ऑलसॉप यांनीं एप्रिल २००० मध्यें त्याच नियतकालिकांत सांगितलें होतें, आणि मार्कॉट हें ऋण मोकळ्या मनानें मान्य करतात.

त्यांचीं साधनें तीन. पहिलें लवचीक जाळें: स्तंभांचीं मापें ठराविक न ठेवतां प्रमाणांत सांगावयाचीं. ९६० पिक्सेलांच्या पानांत ३०० पिक्सेलांचा स्तंभ असेल, तर त्याला ३०० न म्हणतां ३१.२५ टक्के म्हणावयाचें. मग पान रुंदावो वा आकसो, नातें तेंच राहतें. दुसरें साधन, चित्रें आपल्या चौकटीबाहेर न जातां तिच्याबरोबर आकसतील अशी तजवीज. तिसरें, पडद्याची रुंदी विचारून घेऊन त्याप्रमाणें नियम बदलण्याची सोय. ठराविक रुंदीखालीं तीन स्तंभांचे दोन व दोहोंचा एक करावा, असें पानालाच सांगून ठेवतां येतें. शाळेंतील त्रैराशिक येणाऱ्याला समजावें इतक्या सोप्या रीतीनें हें सारें मांडलें आहे. स्वतःच्या मताचा अतिरेकहि ग्रंथकारानें केलेला नाहीं. कांहीं प्रसंगीं स्वतंत्र मोबाइल-स्थळ करणेंच युक्त ठरेल, हें त्यांनीं मूळ निबंधांतच कबूल केलें आहे. तंत्रविषयक ग्रंथांत विरळा आढळणारा हा संयम आहे.

तथापि या पुस्तकाची एक मर्यादा मला पहिल्या वाचनापासून बोचत आली आहे. मूळ निबंधांत उदाहरणादाखल घेतलेलें पान शेरलॉक होम्सच्या जगांतील एका काल्पनिक मासिकाचें आहे. मोठें गोमटें पान आहे तें! पण काल्पनिक मासिकाला जाहिरातव्यवस्थापक नसतो, भागधारक नसतात, शंभर वर्षांचे वर्गणीदार नसतात. पान आकसलें म्हणजे कोणाला वर ठेवावें व कोणाला खालीं ढकलावें यावरून तेथें भांडण होत नाहीं. खऱ्या पेढींत तेंच भांडण सर्वांत मोठें असतें. शेवटच्या प्रकरणांत ग्रंथकार या अंगाला स्पर्श करतात खरे. परंतु ज्या प्रश्नाला पुस्तकाचें सिंहासन द्यावयाचें त्याला त्यांनीं उंबऱ्यावर बसविलें आहे, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती बोस्टन शहरांत. 'द बोस्टन ग्लोब' हें १८७२ सालीं निघालेलें वर्तमानपत्र. सप्टेंबर २०११ मध्यें त्यानें आपलें नवें संकेतस्थळ प्रतिसादी पद्धतीनें उभारलें आणि त्या कामांत स्वतः मार्कॉट यांचा हात होता. एवढ्या मोठ्या व जुन्या वर्तमानपत्रानें ही पद्धति पत्करल्यावर ती केवळ हौशी लोकांची कसरत आहे असें म्हणण्याची सोय उरली नाहीं. रुंद पडद्यावर तीन स्तंभ, मधल्यावर दोन, मोबाइलवर एक. आणि बातमीचा पत्ता सर्वत्र एकच. एकानें कचेरींत वाचलेली बातमी दुसऱ्याला धाडली, तर ती त्याच्या हातांतील यंत्रावर कांटछाट न होतां तशीच उघडे. वाचकाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण तुझ्या खिशांत कोणतें यंत्र आहे हें न विचारतां सर्वांना एकाच पंक्तीला बसविण्याची ही रीत आहे, आणि तिचें मोल मी फार मोठें समजतों.

आतां या पत्राची ओळख त्या एका स्तंभांत टिकली ती कशामुळें? नांवाच्या अक्षरवळणामुळें थोडी टिकली, हें खरें. परंतु 'ग्लोब'ची पत ही अक्षरवळणाची पत नव्हे. धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांचें प्रकरण २००२ सालीं त्यानें उघडकीस आणलें व त्यासाठीं २००३ सालीं त्याला सार्वजनिक सेवेचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अशा कामांनीं ती पत सांठली आहे. म्हणून पान लहान झालें म्हणजे विचारावयाचा प्रश्न हा, कीं या कामाला पहिलें स्थान मिळतें कीं नाहीं. मोठ्या कागदावर संपादकाला थोडी पळवाट असते. डावीकडे एक मोठी बातमी, उजवीकडे दुसरी. दोघींचाहि मान राखला जातो आणि श्रेष्ठ कोण हें वाचकाच्या नजरेवर सोडतां येतें. एका स्तंभांत ही पळवाट बंद होते. तेथें पहिलें तें पहिलें व दुसरें तें दुसरें. ल्यूक रॉब्लेव्स्की यांनीं २०११ सालींच 'मोबाइल फर्स्ट' या पुस्तकांत लहान पडद्यापासूनच रचनेस आरंभ करावा असें जें प्रतिपादन केलें, त्याचें मर्म मला येथें दिसतें. अडचणीची जागा माणसाला तारतम्य शिकविते. मुंबईच्या चाळींतील दोन खोल्यांत संसार करणाऱ्या गृहिणीला हें सांगावयास कोणा पंडिताची गरज नाहीं.

तारतम्य मात्र कोणाचें, हा खरा वाद आहे. मोठ्या पानावर जाहिरात बाजूच्या स्तंभांत बसत असे. तिची जागा ठरलेली, वाचकाची वाट मोकळी. तीन स्तंभांचा एक झाल्यावर ती बाजू नाहींशी झाली, आणि बाजूला बसलेली जाहिरात उठून परिच्छेदांच्या मधोमध येऊन बसली.

एक घरगुती अनुभव सांगतों. गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यानें मला एका अग्रलेखाचा दुवा धाडला. वर्तमानपत्राचें नांव सांगत नाहीं. वडिलांच्या काळापासून तें आमच्या घरीं येतें आणि लहानपणीं त्याच्या घड्या मोडल्याबद्दल मी बोलणीं खाल्लीं आहेत, एवढें सांगणें पुरे. मोबाइलवर पान उघडतांच प्रथम, ताज्या वार्तांच्या सूचना पाठवूं का, अशी विचारणा. ती दूर सारली तों ॲप उतरवून घेण्याचा आग्रह. तोहि दूर सारून अग्रलेख वाचूं लागलों. पहिल्या परिच्छेदाखालीं जाहिरात. दुसऱ्याखालीं हलतें-बोलतें चित्र. आणि तें चित्र सावकाश येऊन दाखल होतांच वाचत असलेली ओळ एकाएकीं खालीं घसरून दिसेनाशी झाली. तीनदां ओळ शोधली, चौथ्यांदां नाद सोडला. दुसऱ्या दिवशीं तोच अग्रलेख कागदावर वाचला; लेख उत्तम होता.

या पानाला मार्कॉट यांचे नियम लावून पाहावे, तर तें पूर्ण गुणांनीं उत्तीर्ण होईल. स्तंभ चौकटींत नेमका बसला होता, चित्रें आकसलीं होतीं, अक्षर वाचतां येण्याजोगें होतें. पानानें पडद्याला चोख प्रतिसाद दिला होता. वाचकाला मात्र दिला नव्हता. मला या सर्व विषयांतील मुख्य भेद हाच वाटतो. यंत्राशीं जुळवून घेणें ही कारागिरी झाली. माणसाशीं जुळवून घेणें ही सभ्यता. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते, असा भ्रम या पुस्तकाच्या कित्येक अनुयायांना झालेला दिसतो आणि त्या भ्रमाची किंमत जुन्या नांवांना आपल्या पतींतून मोजावी लागते.

या भेदाचें एक बोधप्रद उदाहरण वर्तमानपत्रांच्या जगाबाहेर, आपल्याच देशांतील व्यापारांत घडलें आहे. कपड्यांचा व्यापार करणारी बंगळूरची 'मिंत्रा' ही पेढी २००७ सालीं सुरू झाली व २०१४ सालीं 'फ्लिपकार्ट'कडे गेली. मे २०१५ मध्यें तिनें आपलें संकेतस्थळ अजिबात बंद करून, ज्याला खरेदी करावयाची असेल त्यानें ॲपच घेतलें पाहिजे, असा नियम केला. गिऱ्हाइकें बहुतांशीं मोबाइलवरूनच येतात, मग दुसरें दुकान उघडें कशाला ठेवा, हा हिशेब वरवर बिनतोड होता. परंतु फेब्रुवारी २०१६ मध्यें मोबाइलवरील संकेतस्थळ आणि जूनमध्यें संगणकावरील संकेतस्थळ पुन्हां उघडावें लागलें. पहिलीच खरेदी करणाराला, लहान किंमतीच्या मोबाइलमध्यें जागा नसणाराला, मोठ्या पडद्यावर निवांत पाहून निवड करणाराला 'आधीं माझें ॲप घे' असें सांगणें म्हणजे दुकानाच्या दारांत उभें राहून गिऱ्हाइकाचे जोडे ठरविण्यासारखें आहे. बहुतेक लोक एका दारानें येतात म्हणून दुसरें दार भिंत घालून बुजवूं नये. दार बुजविलें म्हणजे येणारे तर थांबतातच. पण 'येथें आपल्याला कोणी विचारीत नाहीं' ही भावना मागें राहते.

सर्वांत अवघड परीक्षा मनगटावरील पडद्याची. ॲपलचें घड्याळ एप्रिल २०१५ मध्यें बाजारांत आलें. त्याची लहान आकृति ३८ मिलिमीटर उंचीची होती. १८५१ सालीं स्थापन झालेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नें त्यासाठीं एक नवाच प्रकार योजिला. मोठी बातमी कापून लहान न करतां, घड्याळासाठीं म्हणून एका वाक्याची बातमी स्वतंत्रपणें लिहावयाची. भाषेच्या अध्यापकाला यांत रस वाटल्यास नवल नाहीं. मथळा आणि वाक्य यांत अंतर आहे. मथळ्याला क्रियापद गिळतां येतें, कर्ता लपवितां येतो. पुऱ्या वाक्याला 'कोणीं काय केलें' याचें उत्तर देणें भाग पडतें. त्या दृष्टीनें ही योजना प्रामाणिक होती. जागा नाहीं म्हणून बातमीचे हातपाय न तोडतां, त्या जागेंत नीट उभी राहील अशी दुसरी मूर्ति घडविणें हें कलावंताचें लक्षण होय. आपल्याकडील सूत्रकारांना हा मार्ग परका नव्हता. मात्र सूत्राच्या मागें भाष्य उभें असतें आणि सूत्र पाठ करणाराला तें शोधण्याची ओढ असते, हें विसरतां कामा नये. मनगटावरील एका वाक्यानें वाचकाला पूर्ण बातमीकडे नेलें, तर तें सूत्र. तेथेंच त्याचें समाधान करून टाकलें, तर तो निव्वळ कंडका.

घड्याळाचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. कागद वाचकाची वाट पाहतो; घड्याळ वाचकाला हांक मारतें. मनगटाला हलकाच टोला देऊन बोलावण्याचा अधिकार आजवर घरांतल्या माणसांपुरता होता. तो एखाद्या पेढीनें घेतला, तर दिवसांतून किती वेळां व कशासाठीं घेतला यावर तिची सारी अब्रू अवलंबून राहील. भूकंपाची वार्ता देण्यास हात धरला तर वाचक उपकार मानील. सवलतीच्या विक्रीसाठीं धरला, तर तो घड्याळ काढून ठेवील आणि त्या नांवाकडे पुन्हां त्याच विश्वासानें पाहणार नाहीं.

शेवटीं आपल्या मराठी पानाविषयीं दोन शब्द. वर सांगितलेलीं सूत्रें रोमन अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून रचलेलीं आहेत. देवनागरी ओळीला वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापानें ठेवलें, कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेंत अडकतो. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळें शब्द लांब होतात व अरुंद स्तंभांत ओळीच्या टोकाला मोठीं भगदाडें पडतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनें 'मुक्ता'सारखे देवनागरी टंक घडवून सर्वांना मोकळे करून दिले आहेत; तेव्हां साधन नाहीं ही सबब आतां चालणार नाहीं. ओळ थोडी मोकळी व अक्षर थोडें मोठें ठेवणें एवढेंच बाकी आहे, आणि तें ज्या मराठी पत्रानें केलें नसेल त्यानें आपल्या वाचकाच्या डोळ्यांची पर्वा केली नाहीं असें मी समजेन.

डोळ्यांवरून आठवलें. वेबचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें २०१८ सालीं सुगमतेचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ३२० पिक्सेल रुंदींतहि मजकूर वाचण्यासाठीं पान आडवें सरकवावें लागूं नये, असा एक आहे. आंकडा ओळखीचा वाटेल. पहिल्या आयफोनची रुंदी तीच. परंतु हा नियम मोबाइलसाठीं नाहीं. १२८० पिक्सेलांच्या संगणकावर ज्याला अक्षर चौपट मोठें करून वाचावें लागतें, त्या मंददृष्टि वाचकाच्या वांट्याला बरोबर ३२० पिक्सेलांएवढेंच पान उरतें, म्हणून हा नियम. तरुणाच्या खिशांतील यंत्रासाठीं शोधलेली युक्ति अशा रीतीनें म्हाताऱ्याच्या मेजावरील पानाला उपयोगी पडली! पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला या योगायोगानें बरें वाटावें, हें साहजिक आहे. पण त्यांत एक तत्त्वहि आहे. प्रतिसाद यंत्राला द्यावयाचा म्हणून जी कला जन्मली, ती माणसाला प्रतिसाद देऊं लागली तेव्हांच तिची प्रतिष्ठा वाढली.

मार्कॉट यांचें पुस्तक त्या कलेचें व्याकरण आहे, आणि व्याकरण म्हणून तें निर्दोष, सुबोध व आवश्यक आहे. व्याकरण शिकून कोणी खरें बोलूं लागतो असें नाहीं. त्यासाठीं बोलणाराची नियत लागते. ज्या पेढीला, ज्या वर्तमानपत्राला आपलें जुनें नांव नव्या पडद्यावर न्यावयाचें आहे, त्यानें आपल्या कारागिराला स्तंभ कसा आकसावा हें विचारण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: एकच ओळ दाखवितां आली, तर आपण कोणती दाखवूं? जी ओळ वाचकाच्या कामाची ती वर ठेवणाराचें पान कितीहि लहान झालें तरी ओळखूं येईल. आणि जो आपल्या फायद्याची ओळ वर ठेवील, त्याचें नांव केवढ्याहि मोठ्या अक्षरांत असो, वाचक तें वाचावयास थांबणार नाहीं.